उद्घाटनाआधीची चाचणी

विजेअभावी दवाखान्याचा फ्रीज बंद असल्याचं ऐकून एक आई बाळाला लशीसाठी शहरात न्यायला, दवाखान्यावरूनच जाणाऱ्या बसच्या रांगेत उभी होती. मागे रजेवरून परतणारी त्याच दवाखान्याची नर्स आणि तिची सोलर बसवणारी नणंद बोलत होत्या.

"वहिनी, दवाखान्यावर सोलर बसला! पण उद्घाटन मंत्री करणार, निवडणुकीनंतर."

"तोवर लशी काय मांडीवर घेऊन बसू?"

"ऐका तर! उद्घाटनाआधी चाचणी घ्या, असं सरकारी आदेशातच आहे."

"किती दिवस?"

"ते लिहायचंच राहिलंय त्यांचं!"

"अगं बाई! मग चालू कधी करतेस?"

"कालच केला. फ्रीज गारेगार आहे, लशीही आल्यात."

"आणि मंत्री आले की?"

"बंद करू, त्यांच्या हातून पुन्हा चालू करू. टाळ्या मी वाजवीन."

बाळाची आई गर्रकन वळली. "ताई, मग आज लस मिळेल?"

"तिकीट दवाखान्यापर्यंतचंच काढा," नर्स म्हणाली.