पाच मिनिटांचं काम, सर!

...आणि वर मला म्हणतो कसा, "सर, पाच मिनिटांचं काम आहे!" पाच मिनिटं! अहो, पाच मिनिटांत माझं एक वाक्य पूर्ण होत नाही. चौतीस वर्षं मराठी आणि संस्कृत शिकवलं मी. माझं वाक्य सुरू झालं की मागच्या बाकावरची मुलं डबा खाऊन, हात धुऊन, क्रियापदाच्या वेळेला परत यायची... त्यांत हा केतन असायचा. दहावी ब. मराठीत अडतीस गुण. आज ऐरोलीच्या कुठल्याशा मोठ्या कंपनीत बसून तीन देशांची यंत्रं हलवतो, आणि मला शिकवतो!

तुम्हाला सांगतो, मुळात यंत्राच्या वाटेला मी गेलोच नसतो. पण निवृत्त झालो आणि उरणजवळच्या आमच्या गावच्या वाचनालयात एक व्रत घेतलं, मिठागरांचे शब्द गोळा करायचे. आगरं गेली, खाजणं बुजली, जिथे मीठ पिकायचं तिथे आता न्हावा शेव्याचे ट्रेलर रांगेत उभे. पण शब्द अजून म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी होते. अकरा वर्षं ते ध्वनिमुद्रित केले. निम्म्याहून अधिक एकट्या जाईबाईंचे. वय ब्याऐंशी, ओटीवर मांडी घालून सांगायच्या, आणि मागे त्यांचे यजमान पोपटराव खोकायचे. मी म्हणायचो, "पोपटराव, ध्वनिमुद्रण चालू आहे!" की गृहस्थ आणखी जोरात खोकणार आणि वर हसणार!

पोपटराव तीन वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून जाईबाई दर सोमवारी वाचनालयात येतात, कानाला हेडफोन लावतात आणि बावीस क्रमांकाची नोंद ऐकतात. उघाडी म्हणजे काय, खाडीचं पाणी आगरात घ्यायची ती झडप कशी चालते, हे त्यांनी स्वतःच त्यात सांगितलंय. ते कशाला ऐकतील त्या? खोकला ऐकतात हो... खोकला.

तर ते जुनं यंत्र, म्हणजे सर्व्हर, खाऱ्या हवेनं गंजून गाडीसारखं घरघरायला लागलं. केतन म्हणाला, "सर, नवीन घ्या. पण आपला शब्द शोधायचा प्रोग्रॅम जुना आहे, नव्यावर नुसता चालणार नाही. आधी कंटेनरचं सॉफ्टवेअर टाका, म्हणजे यंत्राच्या आत एक वेगळी पेटी बनते, त्यात प्रोग्रॅम ठेवा. मी सूचना पाठवतो. पाच मिनिटांचं काम!"

आल्या सूचना. एकोणीस ओळी. आणि काय ती भाषा! 'सर्व्हरला अपडेट मारा.' मारा? काय अपराध केला त्यानं? 'मग एंटर मारा.' पुन्हा मारा! अशा हिंसक मजकुराप्रमाणे मी काम करू? छापून घेतला, लाल पेन काढलं, शुद्ध केला, पुनरुक्ती खोडल्या, आणि सुवाच्य अक्षरात नवी प्रत तयार केली. सतरा ओळींची. मजकूर कसा आटोपशीर झाला, म्हणून दोन दिवस मी स्वतःवरच खूश होतो.

बसलो यंत्रापुढे. पहिली आज्ञा, जुनी आवृत्ती काढून टाका. अरे, कालच खोक्यातून काढलेल्या कोऱ्या यंत्रावर जुनी आवृत्ती येईल कुठून? केतन म्हणतो, "असू दे सर, तशी पद्धत आहे." म्हणजे नव्या घरातही आधी जळमटं काढायची! बरं, काढली. पुढची आज्ञा टंकली, तर पडद्यावर उत्तर, परवानगी नाकारली! मला! वाचनालयाचा अध्यक्ष मी, वीजबिलावर सही माझी, आणि परवानगी कोण नाकारतो, तर टेबलावरचा डबा! केतन हसतो, "सर, आधी सुडो लिहा, मग ऐकतो तो." लिहिलं सुडो, आणि काय सांगू, लगेच नरमला! चौतीस वर्षं दहावी ब मध्ये असा एक शब्द मला मिळाला असता तर...

पाच मिनिटांचं काम, तीन तास झाले. शेवटी चाचणीची आज्ञा दिली आणि यंत्रानं पडद्यावर चक्क मला नमस्कार केला! बसवणी यशस्वी झाली म्हणून कळवलं, ते काय काय केल्यावर झाली हेही क्रमानं सांगितलं. उत्तर कसं लिहावं, तर असं. माझे डोळे भरून आले. मग प्रोग्रॅम ठेवला, पेन ड्राइव्हवरून जाईबाईंच्या आणि बाकी सगळ्यांच्या नोंदी आत नेल्या. सोमवारी जाईबाईंनी खोकला ऐकला, पदर सावरला, गेल्या. जुनं यंत्र कळंबोलीच्या भंगारवाल्यानं नेलं. पेन ड्राइव्ह आमच्या सौभाग्यवतींनी, राजश्रीबाईंनी, भजनी मंडळासाठी मागितला. "तुमचं सगळं आत गेलं ना हो? मग पुसू का?" म्हटलं, "गेलं. पुसा."

आणि मग गेली वीज! आली तेव्हा प्रोग्रॅम उठेना. केतनला फोन केला. "सर, कंटेनर काढून टाका आणि परत बनवा. पाच मिनिटांचं काम! सातव्या ओळीप्रमाणे केलंयत ना?" मी माझी प्रत पाहिली. सातवी ओळ, 'यंत्र बंद करून पुनश्च सुरू करावे.' केलं होतं. म्हटलं, "केलंय." काढला कंटेनर. बनवला परत. उघडला...

रिकामा! एक नोंद नाही. एक शब्द नाही. जुन्या पेटीबरोबर आतलं सगळं गेलं.

मूळ कागद शोधला. केतनची सातवी ओळ, 'रेकॉर्डिंग कंटेनरच्या बाहेरच्या फोल्डरमध्ये ठेवा.' अकरावी ओळ, 'परत सांगतो, बाहेरच ठेवा.' सातवी मी का खोडली, तर पुढे अकरावीत तेच येतंय. आणि अकरावीला पोहोचलो तेव्हा म्हटलं, हे तर मागे येऊन गेलं! दोन्हींवर लाल रेघ, समासात माझ्याच अक्षरात शेरा, 'पुनरुक्ती टाळावी.'

केतनला फोनवर दोन्ही ओळी आणि शेरा वाचून दाखवला. तो हळूच म्हणाला, "सर... मी मुद्दाम दोनदा लिहिलं होतं." अडतीस गुण दिले होते हो मी त्याला!

सोमवार उजाडला. जाईबाई आल्या, हेडफोनकडे हात नेला. मी म्हटलं, "जाईबाई, गेलं. सगळं गेलं. चूक माझी." त्यांनी हात मागे घेतला. मी माझ्या चपलांकडे बघत. आणि माझ्या पुढ्यातून आवाज आला, आधी घशात खर्र, मग दोन आखूड, एक लांब, आणि शेवटी ते हसू... वर पाहिलं, तर जाईबाई! हुबेहूब पोपटराव!

"मना त्याचा खोकला पाठ हाय, मास्तर," म्हणाल्या. "रोज खोकते मी त्याच्यावानी. घर लय गप असतंय ना."

मी म्हटलं, "पण ते शब्द, जाईबाई... अकरा वर्षांचे..."

"त्यो शबुद माजा व्हता कंचा? मी 'पानी' बोलले, तू लगीच 'पाणी' केलास. मंग मी इचार केला, मास्तर हाय, त्याला त्याच्यावानीच बोलूया. पोपट मागं हसाचा कनाला? मी अशी साळंतल्यावानी बोलते म्हून!"

ऐकलंत? अकरा वर्षं मी ओटीवर बसून माझीच भाषा मुद्रित करत होतो, आणि पोपटराव खोकून खोकून मला सांगत होते! त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला 'तुम्ही' सोडून 'तू' म्हटलं, आणि चौतीस वर्षांत कुठल्या सत्कारात झाला नसेल इतका आनंद झाला मला.

"लाव तुजा तो डबा," म्हणाल्या. "पयल्यापासून सांगते. बस, पाच मिन्टाचा काम हाय."

चार सोमवार झाले. अजून उघाडीवरच आहोत. मध्येच त्या खोकतात, मग हसतात, मग पुन्हा पहिल्यापासून. मी तोंडावर बोट ठेवून बसतो. लाल पेन राजश्रीबाईंच्या कपाटात कुलपात आहे. आणि रेकॉर्डिंग, तुम्हाला सांगतो, कंटेनरच्या बाहेर ठेवतो.

परत सांगतो, बाहेरच ठेवतो.