खुंटी ही तेलाची खूण नव्हे

सन्माननीय अध्यक्ष नेमीचंदशेठ, व्यासपीठावरील मान्यवर, आणि शिरपूर व आसपासच्या गावांतून आलेल्या बंधुभगिनींनो,

हार जड आहे. काढून ठेवतो, राग मानू नये.

अध्यक्षमहाराज आत्ता म्हणाले, पुढच्या वर्षी इथे तेलाचा मनोरा उभा राहील. एवढ्या प्रेमाला काय उत्तर द्यावं? सोमवारी आमची तेल शोधणारी तुकडी तंबू उतरवते आहे. मनोरा येणार नाही.

तेल जमिनीखाली तळ्यासारखं साचत नाही. वाळूच्या खडकाच्या बारीक छिद्रांत ते मुरलेलं असतं. वर त्याला अडवणारा घट्ट थर लागतो, आणि तो थर कुठेतरी घुमटासारखा उचललेला लागतो. तो घुमट शोधायला आम्ही सुरुंग उडवतो. आवाज खाली जातो, थरांवर आपटून परततो. परतायला किती वेळ लागला, त्यावरून खोली काढतो. इथे वर काळा खडक. तो आवाज विसकटून टाकतो. हिवाळाभर ऐकलं, उन्हाळाभर ऐकलं. खाली तेल नाही, असं मी म्हणत नाही. आहे म्हणायला माझ्यापाशी काही नाही.

हे हार घातल्यावर का सांगतो? परवा शेवंताअक्का तंबूवर आल्या. मला वाटलं, सुरुंगाने विहीर ढासळल्याची तक्रार असेल. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमना खुटा मना वावरमा शे. मशीन कधी येई?"

वावरात आमची खुंटी आहे म्हणून त्यांनी यंदा दादर ज्वारी पेरलीच नव्हती. ज्या वावरात खुंटी, तिथे तेल, अशी बोलवा झालेली. शेजारचे भटूभाऊ त्यांना 'तेलवाली शेठाणी' म्हणून चिडवत होते, आणि आपल्याही वावरात एक खुंटी ठोका म्हणून आमच्याकडे येऊन गेले होते. हसू नका, भटूभाऊ समोरच बसले आहेत.

मंडळी, खुंट्या आम्ही दोरी धरून सरळ रेषेत ठोकतो. रेषेत वावर आलं की खुंटी आली. तिथून आम्ही सुरुंगाने जमिनीला नुसती हाक मारतो. काम थांबवायचा वरच्या कचेरीचा हुकूम यायचा होता, म्हणून परवा अक्कांना 'कळवतो' एवढंच म्हणालो. हुकूम काल आला.

अक्का दारापाशी उभ्या आहेत. काय म्हणता?

"मंग वखर घालू का, भाऊ?"

घाला, अक्का. पाऊस तोंडावर आहे.

आपण आम्हाला पाणी दिलंत, सावली दिलीत, बैलगाड्या दिल्यात. आमच्या सुरुंगांनी गुरं बुजली, ते पोटात घाला. माझ्या बोलण्यात काही उणं राहिलं असेल, तर तेही...

अक्का निघाल्या. मागच्या मंडळींनी जरा वाट द्यावी.