चांगल्या वर्तणुकीचा दाखला

अंबरनाथच्या पोलीस ठाण्यात माझ्या शेजारच्या बाकावर दोघीजणी बसल्या होत्या. पोरांच्या सैन्यभरतीसाठी वर्तणुकीचे दाखले न्यायला आलेल्या. धाकटी मोबाईलवर बातम्या बघत होती.

"कुठली गं लढाई?"

"लांबच्या देशातली, कौसामावशी. सैनिकांनी गावात शिरून तेवीस माणसं मारली. लहान पोरंसुद्धा."

"अरे देवा! आणि ही बाई एवढी खुश कशाला?"

"ती अँकर आहे. म्हणते, गाव साफ केलं."

"हो का? झाडू घेऊन गेले असतील."

"सैनिकांचे चेहरे मात्र धूसर केलेत. त्यांच्या घरच्यांना त्रास नको म्हणून."

"आणि मेलेल्यांचे चकाचक दाखवतायत!"

"त्यांचे घरचे उरलेत कुठे, मावशी?"

"माझ्या हेमंतचा दाखला महिनाभर अडकला. गणपतीत एकाच्या थोबाडीत मारली होती ना."

"मग बरोबरच आहे. सैन्यात मारकुटी पोरं चालत नाहीत."

"या तेवीस माणसं मारणाऱ्यांनीपण असा दाखला दिला असेल?"

"असणारच. त्याशिवाय भरती करतात होय?"

आतून हवालदार ओरडला, "हेमंतची आई कोण? दाखला तयार आहे, घेऊन जा!"

"मावशी, तुम्हालाच बोलवतायत."

"ऐकलं गं. बसू दे मला जरा."