धायरीपलीकडची रेघ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय बाळ दामले, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती आमोद, माझ्या आग्रहाखातर पहिल्या रांगेत बसलेल्या सोजरबाई, आणि चहा आधीच ठेवल्यामुळे आज वेळेवर आलेल्या सभासदांनो,

मी उल्का, निवृत्त भूगोल शिक्षिका. कर्वेनगरच्या या सभागृहात आपला नकाशागट दर रविवारी जमतो, तेव्हा मी मागच्या रांगेत बसून शंका काढते. आज मला माईकपाशी बोलावलं, ही संयोजकांची चूक आहे.

आमोदबद्दल चांगलं बोलायचं आहे, आणि ते खरंही आहे. इंटरनेटवरचा हा सार्वजनिक नकाशा कुणीही काढू शकतो आणि कुणीही बिघडवू शकतो. त्यात हद्दी कशा भरायच्या, ग्रामपंचायत कोणत्या स्तरावर आणि महापालिकेचा प्रभाग कोणत्या, हे आपल्याला आमोदने शिकवलं. शिवाय एक शिस्त लावली. आधी हद्दीवरून चालत जायचं, तिथल्या माणसाला विचारायचं, मगच रेघ. कसबा पेठेत एका घरातूनच रेघ जात होती. आमोदने मालकांना नम्रपणे विचारलं, आपण मतदान कुठे करता? ते म्हणाले, मतदान गुप्त असतं, आणि दार लावलं. तरी हा दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. अशी चिकाटी कुठे मिळते हो?

आता आपल्या गटाची एक रीत. श्रेयावरून भांडणं नकोत, म्हणून आपण सगळे एकाच खात्यातून काम करतो. पुण्यात चार माणसं जमली की हा प्रश्न येणारच, त्यावर अध्यक्षांनी काढलेला हा तोडगा. पण जिथे श्रेय कुणाचंच नाही, तिथे दोष तरी कुणाच्या माथी मारायचा?

या उन्हाळ्यात धायरीपलीकडची सोजरबाईंची वस्ती शहराबाहेर गेली. वस्ती जागेवरच होती, पण नकाशात कुणीतरी तिचा स्तर बदलून तिला प्रभागातून ग्रामपंचायतीत टाकलं. एक संस्था आपला नकाशा पाहून शहरातल्या कोरड्या वस्त्यांना फुकट टँकर पाठवते. तो बंद झाला. त्या हद्दीवरून मी चालले होते, म्हणून सोजरबाईंकडे माझा नंबर होता. फोनवर म्हणाल्या, "बाई, पान्याचं मागनं बघू. आमी कुठल्या गावचं, ते आधी सांगा."

मी जाऊन पाहिलं. घरपट्टी महापालिकेची, कचऱ्याची गाडी महापालिकेची. स्तर पूर्ववत केला, टँकर सुरू झाला. मग गटात एवढंच विचारलं, की स्तर कुणी बदलला? टँकरबद्दल अवाक्षर काढलं नाही, मला चेहरे पाहायचे होते. सगळे म्हणाले, मी नाही. आमोद चहात बिस्किट बुडवत राहिला.

आमोद आज आपला निरोप घेऊन ज्या कंपनीत नोकरीला चालला आहे, ती त्याच वस्तीशेजारी बंगल्यांचे प्लॉट विकते. जाहिरातीत लिहिलंय, महापालिकेच्या कटकटींपासून दूर, आणि खाली आपलाच नकाशा, त्या बदललेल्या रेघेसकट. योगायोग असेल. योगायोगावर माझा विश्वास आहे, पण एका वेळी एकाच.

आज दारात मी ओळख करून दिली, या सोजरबाई, धायरीच्या पलीकडून आल्यात. बस्स, इतकंच. आमोदने वाकून नमस्कार केला. मला बरं वाटलं. मग त्याने हळूच विचारलं, "मावशी, टँकर येतो ना आता?"

अध्यक्षमहाराज, टँकर थांबला होता हे मी गटात कुणालाही सांगितलेलं नाही. सोजरबाई त्याला आज प्रथमच भेटल्या. मग त्याला कुणी सांगितलं?

मला याचा आनंद नाही. हा मुलगा मला आवडतो, म्हणूनच हे पाठीमागे न बोलता माईकवर बोलते आहे.

माझ्यानंतर आमोद सत्काराला उत्तर देईल. आमोद, आमचे आभार राहिले तरी चालतील. मलाही उत्तर देऊ नकोस. तिथल्या माणसाला विचारायचं, ही शिस्त तुझीच. ते माणूस समोर बसलं आहे. तेव्हा विचारायचं राहून गेलं असेल, तर आज विचार.

सभागृह देणाऱ्यांचे, चहा करणाऱ्यांचे आणि मला मध्येच न थांबवल्याबद्दल अध्यक्षांचे आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, तर वडीलकीच्या नात्याने केलेलं म्हणून पोटात घाला. सत्काराची शाल सोजरबाई देणार आहेत. ती अजून त्यांच्या मांडीवरच आहे. मघाशी मला म्हणाल्या, "आधी ऐकते, मंग घालते."