रिकाम्या सुपाचं कारण

मंडळी, ऐका! टाळ जरा खाली ठेवा, मृदंगाला दम खाऊ द्या, आणि मला एवढंच सांगा — देवाच्या दारात उभं राहून बोलायला सगळ्यांत अवघड वाक्य कोणतं? 'मी चुकलो'? छे! ते आपण रोज कान धरून म्हणतो आणि प्रसाद घेऊन निघतो. 'मला तार'? ते तर तोंडपाठ! मग कोणतं? शोधा. तोवर मी आख्यान लावते. आणि हो — मघाशी पारावर एका आजोबांनी मला एक प्रश्न विचारला, आणि मी पायातली चप्पल काढता काढता उत्तर देऊन मोकळी झाले. ते उत्तर आता टोचतंय. त्याचं शेवटी बघू.

तर आख्यान केतकी भोइटेचं. केतकी म्हणजे भिंगरी! बारावीला गुण असे पडले की सगळ्यांना वाटलं, पोरगी इंजिनिअर होणार. तिनं पदवीला विषय घेतला — धर्मांचा अभ्यास. घरात कुणाला काय बोलावं कळेना. आत्यानं विचारलं, म्हणजे भटजी होणार का? काका म्हणाले, नाही हो, गावोगाव कीर्तनं करत हिंडेल. (म्हणजे वाया जाण्याची हद्दच की नाही, मंडळी! हसा, हसा.)

तीन वर्षं ती कॉलेजात कमी आणि देवांच्या दारात जास्त! गुरुद्वारात ढीगभर ताटं घासली. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसली आणि सगळे बसले असताना एकटीच उभी राहिली. विहारात डोळे मिटून बसायचं, तर हिचा पाय हलतोय! आणि जाईल तिथं एकच — का? प्रदक्षिणा याच बाजूनं का? डोकं झाकायचं का? उत्तर मिळालं की वहीत, नाही मिळालं की झोप नाही. सुट्टीत घरी आली की आई हळूच विचारायची, एवढे देव पाहिलेस, मग आपला खरा ना? केतकी म्हणायची, आई, हा प्रश्न परीक्षेला नाही.

शेवटच्या वर्षी प्रकल्प आला. एक प्रथा निवडा, तिचं मूळ शोधा, पदवी त्यावर. केतकी निघाली मामाच्या गावाला, निंबसरीला. तिथं चैत्रात वाघजाईची जत्रा भरते, आणि पालखीच्या पुढं एक सूप चालतं. हिरव्या खणानं झाकलेलं सूप. आत काय? काही नाही! रिकामं! ते सूप न्यायचा मान गयाबाईंचा. गयाबाई बुरडाच्या घरच्या, सुपं-टोपल्या विणून पोट भरणाऱ्या. दरवर्षी बांबूच्या ताज्या कामट्यांचं नवं सूप स्वतः विणायच्या आणि डोक्यावर घेऊन पालखीपुढं चालायच्या.

केतकीनं विचारलं, रिकामं का? गयाबाई म्हणाल्या, सासू न्यायची, तिची सासू न्यायची, मी नेते. पण का? गयाबाईंनी कामटी चिरता चिरता मान हलवली. माहीत नाही, पोरी. केतकीनं पुजाऱ्याला विचारलं, चार म्हाताऱ्यांना विचारलं, देवळातले शिलालेख धुऊन पाहिले. कुणालाच माहीत नाही!

आता इकडं मुदत चार दिवसांवर. प्रकरण पहिलं, प्रथा — लिहिलं. दुसरं, विधी — लिहिलं. तिसरं, कारण... कोरं! मंडळी, माझं यंदा दहावीचं वर्ष. खरं सांगा, उत्तरपत्रिकेत 'माहीत नाही' असं लिहिलेलं कधी कुणी पाहिलंय? नाही! आपण काहीतरी लिहितोच. पान भरतो!

केतकीनंही पान भरलं. वसतिगृहाच्या जिन्यात बसून, वीस मिनिटांत. पूर्वी म्हणे मोठा दुष्काळ पडला, नैवेद्याला दाणा उरला नाही, तेव्हा पाटलांच्या सुनेनं रिकामं सूप देवीपुढं धरलं, तेव्हापासून ही प्रथा. पाटलांचीच सून का? तर देवळाच्या पायरीवरून पाटलांचा वाडा दिसायचा, म्हणून! दुसरं काही नाही!

कॉलेजातल्या खांबेटे मॅडम खूश झाल्या. म्हणाल्या, तिसरं प्रकरण सगळ्यांत सुंदर. प्रकल्प पहिल्या क्रमांकासाठी वर गेला, फक्त तोंडी परीक्षा राहिली. केतकीनं एक प्रत सोपानमामाला पाठवली. मामा भाचीच्या कौतुकानं फुगला, प्रत घेऊन गावभर फिरला. आणि मंडळी, छापलेला कागद म्हणजे काय असतो तुम्हाला ठाऊक आहे. तोंडचं वाऱ्यावर जातं, छापलेलं भिंतीवर चिकटतं!

चैत्र आला. सोमवारी तोंडी परीक्षा, आणि आधीच्या शनिवारी निंबसरीच्या जत्रेत केतकीचा सत्कार. ती सकाळी उतरली, तर कर्ण्यावरून तिचीच गोष्ट ऐकू येतेय! पण आता केवढी वाढलेली! सुनेला नाव मिळालं होतं, देवी तिच्या स्वप्नात बोलली होती, सुपातून धान्याची रास पडली होती! आणि पालखीपुढं पाटलांची धाकटी सून शीतल, डोक्यावर खास करवून घेतलेलं पितळी सूप, झळाळतंय नुसतं. छापलं होतं ना, मान पाटलांचा म्हणून!

आणि गयाबाई? दीपमाळेच्या कट्ट्याला टेकून बसलेल्या. मांडीवर सूप. नवं, ओल्या कामटीचा वास येणारं. यंदाही विणलं होतं त्यांनी. कुणी बोलावलं नव्हतं.

केतकी त्यांच्यापुढं उकिडवी बसली. रागावलात का, एवढंच तिला विचारता आलं.

गयाबाई म्हणाल्या, "मी कशाला रागवू? तू शिकलेली. तुला सापडलं असंल." मग सुपाच्या काठावरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, "एवढं सांग पोरी, माझी सासू जल्मभर दुसऱ्याचाच मान डोक्यावर मिरवत होती का गं?"

आणि तेवढ्यात कर्ण्यावर तिचंच नाव. पंचकमिटीचे अध्यक्ष हणमंतराव पाटील शाल-श्रीफळ घेऊन उभे. आता सांगा मंडळी, काय करावं तिनं? गप्प राहिली तर शाल आहे, पहिला नंबर आहे, पदवी आहे. बोलली तर? सोमवारी परीक्षेला जायला प्रकल्पच उरत नाही! पाच पायऱ्या होत्या मांडवाला. केतकीनं त्या चढायला आयुष्यात पहिल्यांदा वेळ लावला.

"ही गोष्ट मी रचलीय," ती म्हणाली. "जिन्यात बसून. पाटलांच्या सुनेचं मला कुणीही सांगितलं नव्हतं."

सोपानमामा खाली बघायला लागला. हणमंतरावांनी शाल हातावरच ठेवली आणि विचारलं, "मग खरं कारण काय?"

"मला माहीत नाही."

"तीन वर्षं देवाधर्माचं शिकून माहीत नाही?"

"तीन वर्षं शिकून माहीत नाही. एवढंच माहीत आहे की सूप गयाबाई नेतात."

मागून कुणीतरी हसलं, कुणी म्हणालं फसवलं गावाला, गोंधळ माजला! आणि त्या गोंधळात शीतल पुढं आली. पाटलांच्या घरात सासऱ्यासमोर मोठ्यानं न बोलणारी शीतल! तिनं डोक्यावरचं पितळी सूप उतरवलं आणि सगळ्यांदेखत जमिनीवर ठेवलं.

"मामंजी, हे लई जड आहे. माझी मान गेली."

बस्स! त्यावर काय बोलणार पाटील! शीतल कट्ट्यापाशी गेली, पितळी सुपातला हिरवा खण गयाबाईंच्या सुपावर पसरला, आणि हात देऊन त्यांना उठवलं. पालखी हलली.

मग केतकीचं काय? सोमवारी तिनं खांबेटे मॅडमना सगळं सांगितलं. प्रकल्प रद्द! बरोबरच्या मुली काळे झगे घालून फोटोला उभ्या राहिल्या, ही समोर उभी राहून त्यांचे फोटो काढत होती. सहा महिन्यांनी पुन्हा प्रकल्प दिला. तिसऱ्या प्रकरणात तीन ओळी. 'कारण कुणालाही माहीत नाही. मलाही नाही. गयाबाई सूप स्वतः विणतात.' बाहेरच्या परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, एवढंच? केतकी म्हणाली, एवढंच. पहिला नंबर नाही, दुसरा नाही, साधी पास झाली. पण मंडळी, ते सांगताना तिचा पाय हलत नव्हता म्हणे!

सापडलं का वाक्य? 'मला माहीत नाही!' आता घरी जा. लेकरू विचारील, नवी सून विचारील — हे असं का करायचं? काय सांगता तुम्ही? 'शास्त्र आहे'! कुठलं शास्त्र? कुणी पाहिलं? पान भरता नुसतं! आणि तुम्ही भरलेल्या पानापायी कुठली गयाबाई कट्ट्याला बसते, हे बघायला जाता का कधी?

पण थांबा. तुम्हाला बोलायच्या आधी माझं मला फेडू दे. आजोबा, पारावर तुम्ही मला विचारलंत, आमची ही गेली, आता कुठं असंल? आणि मी फटकन म्हणाले, वैकुंठात!

आजोबा, ते उत्तर मी परत घेते. मला माहीत नाही. पण या, इथं पुढं, माझ्याजवळ बसा. टाळ घ्या हा. त्यांना कुठला अभंग आवडायचा तेवढं सांगा, आज आपण तोच म्हणू.