रांगेतला चहा

आईच्या रिपोर्टसाठी पौर्णिमा अकोल्याच्या दवाखान्यात थांबली होती. मांडीवर बायोकेमिस्ट्रीचं पुस्तक उघडं होतं, पण लक्ष शेजारच्या बाकावर होतं. तिथे तेल्हाऱ्याचे वामनराव आणि त्यांचे मित्र, तेलघाणीवाले शफीकभाई, बसले होते.

"तीन महिने तेलाचा थेंब नाही घेतला, शफीकभाई. तरी रक्तातली चरबी वाढली!"

"मले काय इचारता? तुमी तर माह्या घाणीसमोरून दुश्मनासारखे तोंड फिरवून जात होते."

"चरबी म्हणजे तेलच, असं वाटलं ना मले."

"मंग आता काय म्हणे डॉक्टर?"

"म्हणे, लिवर सोताच चरबी बनवते. तिथं एक प्रोटीन राहते, कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या मुकादमासारखं. गोड आलं की ते हुकूम सोडते, चालू करा मशीन."

"गोड काय खाल्लं तुमी?"

"कायबी नाही. कापसाची गाडी घेऊन खरेदी केंद्रावर रांगेत चार-चार दिवस उभा. तिथं खायाले काय भेटते? चहावरच होतो."

"दिवसाले किती?"

"असतील धा-बारा."

"साखरेचे?"

"मंग काय मिठाचे?"

"या अल्ला! मुकादमाले दिवसभर तुमीच हाका मारून राहिले, आन् बदनाम माही घाणी!"

पौर्णिमाने पुस्तक तोंडासमोर धरलं.

"चुकलं बुवा. थोडं तेल चालते म्हणे. उद्या सुनेसंग तेलाचा डबा धाडतो."

"धाडू नका, सोता या. चहा पाजतो, बिनसाखरेचा."

"बिनसाखरेचा? म्हणजे राग अजून गेला नाही तुमचा!"