आकडी करून दाखवणारे डॉक्टर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक आदरणीय मार्तंडराव गुरुजी, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते मुलांच्या मेंदूविकारांचे तज्ज्ञ डॉ. नचिकेत सर, आणि सेनगावच्या फिटच्या शिबिराला लेकरं घेऊन येणाऱ्या माझ्या आयाबहिणींनो,

मी रुबीना, जिल्हा परिषद शाळेतली शिक्षिका. वर्गात रोज बोलते; आज मात्र लिहून आणलंय, कारण मनातलं बोलायला गेले तर पुढं जाता येणार नाही. लिहिताना मी ‘देवमाणूस’ हा शब्द लिहिला आणि खोडला. का, ते सांगते.

सर दर महिन्याला इथं येतात. लेकरू फिटमध्ये कसं करतं, ते आईला करून दाखवायला सांगतात. फिट काही शिबिराची तारीख बघून येत नाही ना! बायका लाजायच्या. मग सर स्वतःच सतरंजीवर आडवे व्हायचे. “मान अशी वळते, की अशी? आधी कोणता हात?” एकदा गावातल्या गोजरबाई दारातूनच ओरडल्या, “अगं बाई, डाक्टरलाच आकडी आली! कांदा लावा कुणीतरी नाकाला!” सर पडल्या पडल्या म्हणाले, “मावशी, कांदा ऱ्हाऊ द्या. मला कुशीवर वळवा.”

त्या दिवशी सगळ्यात जास्त हसली ती माझी थोरली, अफशीन. तिच्या फिट कमी होत आल्या होत्या. शाळेत जायची, मैत्रिणींशी भांडायची. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मी तिला उठवायला गेले. ती उठली नाही.

सर घरी आले. माझ्या सासूबाईंनी विचारलं, “डाक्टरसाब, दवा बराबर देऊन राहिलो होतो आमी. मग काहून गेलं लेकरू?”

सर त्यांच्यासमोर खाली बसले. “दवा बराबरच होती, अम्मा. तुमचं कुणाचं काही चुकलं नाही. काही लेकरं अशी झोपेत का जातात, मला माहीत नाही.”

देव असते, तर त्यांना माहीत नसतं का? पण त्या दिवशी घरात सांत्वनाला आलेल्या सगळ्यांना काही ना काही कारण माहीत होतं. माहीत नाही म्हणणारे सर एकटेच होते.

आता तेच शोधायला ते दूरच्या संशोधन केंद्रात चालले आहेत. त्यांच्या जागी कुणी मिळालं नाही, म्हणून शिबिर बंद होतंय. माझ्या धाकट्या गौसियालाही फिट येतात. ती बघा, दादीच्या मांडीवर बसली आहे. रोज सकाळी तिला हाक मारण्याआधी मी दारातच थांबते, तिची छाती हलताना दिसेपर्यंत.

मघाशी बाहेर, शिबिराला लेकरू घेऊन येणाऱ्या पेमाबाईंनी माझा हात धरला. “मॅडम, तुमी शिकलेल्या. तुमचं ऐकतेत. थांबा म्हणा त्याइला.” सगळ्या आयांचं हेच म्हणणं होतं. मी हो म्हणाले.

अध्यक्षमहाराज, मला ते म्हणता येत नाही. सर थांबले तर गौसियाला डॉक्टर राहील. पण मग हे शोधायचं कुणी? आणि हे ठरवायचा अधिकार मला तरी आहे का? ठाऊक नाही. सर, तुम्ही जा. काही सापडलं तर कळवा. नाही सापडलं तरी कळवा.

संयोजकांनी मला बोलू दिलं, तुम्ही शांतपणे ऐकलंत, उपकार आहेत. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर व्यासपीठ सांभाळून घेईलच. माफी मागायची ती समोर बसलेल्या आयांची. तुम्ही मला जे मागायला उभं केलं होतं, ते मी मागितलं नाही.